‘जुनी गाडी पान्याने कुठेही चालू होते’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या एक मेसेज फिरतोय, ऑफरोडिंगची आवड असलेल्या बहुतेकांकडे आलाच असेल. थोडक्यात म्हणणं असं की ऑफरोडिंग करायचं तर जुनी, साधी, लिव्हरवाली फोर बाय फोरच घ्या. ती कुठेही पाना-पक्कड आणि तारेच्या तुकड्यावर दुरुस्त होते. नवीन गाडी म्हणजे चाकांवरचा कंप्युटर, पाण्यात गेली की संपली. ट्रॅक्शन कंट्रोल (घसरणाऱ्या चाकाला आवरणारी सिस्टिम) ही नवशिक्यांची कुबडी, डिफ लॉक (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरायला लावणारं कुलूप) असला की बाकी काही लागत नाही. जुनं लोखंड तुटत नाही. आणि कंप्युटरच गाडी चालवणार असेल तर ड्रायव्हर शिकणार काय.

वाचायला भारी वाटतं, आणि यातलं थोडंफार खरंही आहे, पण खरं जे आहे ते मेसेजमध्ये भलत्याच जागी लिहिलंय.

आधी ते ‘कुठेही दुरुस्त होते’ घेऊ, कारण यावरच लोक सगळ्यात जास्त टाळ्या वाजवतात. बाबांनो, पान्याने दुरुस्त होते म्हणजे नक्की काय दुरुस्त होतं? हाफ शाफ्ट (चाकापर्यंत इंजिनचा जोर नेणारा दांडा) तुटला तर पान्याने तो फक्त बाहेर काढता येतो, नवीन बसवायला नवीन हाफ शाफ्टच लागतो, तो गाडीत घेऊन फिरता का? जंगलात गाडी अडते ती बहुतेक वेळा टायर फाटला, स्टिअरिंगचा रॉड वाकला, रेडिएटरचा होज फुटला, युनिव्हर्सल जॉइंट गेला, बॅटरीचं टर्मिनल सैल झालं असल्या कारणांनी, आणि ही कारणं गाडी कुठल्या साली बनली ते विचारून येत नाहीत. टोयोटाच्या लँड क्रूझर 70 सिरीजचं उदाहरण कायम देतात, 1984 पासून बनतेय, मदतसंस्था आणि युनोच्या ताफ्यात अजूनही दिसते, सगळं मान्य. पण त्या ताफ्यांमागे स्पेअर पार्ट्सचा साठा असतो, तीच गाडी रोज उघडणारे मेकॅनिक असतात, ठरलेल्या वेळी सर्व्हिसिंग होतं. तुम्ही तीस वर्षांची गाडी तिसऱ्या मालकाकडून घेतली म्हणजे ती सगळी व्यवस्था गाडीबरोबर घरी येत नाही.

शिवाय साधी गाडी तीस वर्षांनी साधी राहते हा पण गैरसमजच. वायरचं वरचं प्लास्टिक कडक होऊन तडकलेलं असतं, मधल्या कुठल्यातरी मालकाने जादा दिवे लावायला रिले टाकलेला असतो तो कुठून करंट घेतो ते कोणालाच माहीत नसतं, काळ्या टेपचे गोळे लटकत असतात, चासीवर गंजावरून रंग मारलेला असतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या बऱ्याच डिझेल इंजिनांना चालू राहायला फक्त पंपावरच्या एका सोलेनॉइडला (करंट मिळाला की डिझेलची वाट उघडणाऱ्या झडपेला) करंट मिळाला की पुरतं. ती वायर तुटली तर बॅटरीवरून सरळ एक वायर त्याला जोडायची आणि निघायचं, यालाच म्हणतात साधेपणा आणि हे खरंच भारी आहे. पण त्यासाठी तो सोलेनॉइड कुठे आहे ते माहीत पाहिजे. माहीत नसेल तर जुनी गाडी पण तिथेच उभी राहते, फक्त स्क्रीनवर काही लिहून न येता.

नवीन गाडी निदान काय बिघडलंय ते सांगते तरी. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कंप्युटरला जोडायच्या जागेला) लावायचं खिशात मावणारं रीडर आणि मोबाईल असला की फॉल्ट कोड दिसतो, आणि सगळेच सेन्सर गेल्यावर गाडी थांबते असंही नाहीये. चाकाच्या वेगाचा सेन्सर चिखलाने किंवा वायर ओढली जाऊन गेला तर एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, डॅशबोर्डवर दिवाळी दिसते, पण गाडी चालते. क्रँकशाफ्टचा सेन्सर गेला तर मात्र इंजिन बंद, म्हणून दूर जाणारे लोक तो एक जास्तीचा ठेवतात, हाताच्या बोटाएवढी वस्तू आहे. लिंप मोडलाही लोक उगाच शिव्या घालतात, इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करतं पण तुम्ही हळूहळू बाहेर तरी येता ना.

आता ट्रॅक्शन कंट्रोल. मेसेज लिहिणाऱ्याला हे नीट कळलेलंच नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

ओपन डिफ, म्हणजे लॉक नसलेला साधा डिफरन्शियल (ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर देतो. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला काही जोरच लागत नाही, मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो, म्हणजे जवळजवळ शून्य, आणि गाडी जागेवर एक चाक गरागरा फिरवत उभी राहते. ट्रॅक्शन कंट्रोल काय करतं तर त्या मोकळ्या चाकाला ब्रेक लावतं, आता त्याला फिरवायला जोर लागायला लागला म्हणजे तेवढाच जोर दुसऱ्या चाकाला पण जायला लागला, आणि गाडी पुढे सरकते. यात जादू नाही आणि कुबडी पण नाही, ब्रेकने केलेलं डिफ लॉकचं काम आहे. तोटाही त्यातच आहे, इंजिनचा जोर ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो, आणि चाक आधी घसरावं लागतं मगच सिस्टिम जागी होते. लांबच लांब वाळूत ब्रेक तापले की सिस्टिम स्वतःच थोडा वेळ सुट्टी घेते. अशा ठिकाणी खरा लॉकर, म्हणजे डिफ लॉक, श्रेष्ठ, कारण तो अडथळ्याच्या आधीच लावून ठेवता येतो.

पण ‘डिफ लॉक असला की बास’ हे कुठून आलं? मागचा लॉक लावला की गाडी वळायला नको म्हणते, सरळ रेटत राहते, पुढचा लावला की स्टिअरिंग जड होतं. आणि आडव्या उतारावर ओल्या मातीत लॉक केलेला ॲक्सल असेल तर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि आख्खा ॲक्सल खालच्या बाजूला घसरायला लागतो, तिथे ओपन डिफचं एक चाक तरी धरून असतं. शिवाय हे पण लक्षात घ्या की जुन्या साध्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांत मागे-पुढे दोन्हीकडे ओपन डिफच होते. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरमध्ये कंपनीकडून लॉक यायचा तो पुढच्या-मागच्या ॲक्सलमधल्या डिफला, ॲक्सलचे लॉकर लोकांनी नंतर बसवले. म्हणजे मेसेजवाला ज्या जुन्या गाडीची आरती करतोय तिला बसवलेला लॉकर पकडून तुलना करतोय, आणि नवीन गाडी मात्र शोरूममधून निघाली तशी.

एक गोष्ट मात्र चालवणाऱ्याला कोणीच सांगत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल कामाला लागलं की खालून कर्र कर्र खडखड असा भयंकर आवाज येतो, तो पंपाचा आणि व्हॉल्व्हचा असतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी मोडलं, आणि तो पाय काढतो. नेमकं तेव्हाच ॲक्सिलरेटर थोडासा, एकसारखा धरून ठेवायचा असतो, एक-दोन सेकंद. पाय काढला की सिस्टिम सोडून देते, गाडी मागे येते आणि मग ‘इलेक्ट्रॉनिक्स काही कामाचं नाही’ हा निकाल. आणि ईएसपी (रस्त्यावर गाडी घसरून आडवी होऊ नये म्हणून सांभाळणारी सिस्टिम) वेगळं बरं का, ते वाळूत गाडी जरा आडवी झाली की इंजिनची ताकदच कापतं आणि तुम्हाला रुतवून ठेवतं, ती तक्रार खरी आहे, त्याला बटण दाबून धरून बंद करायचं असतं. सुझुकीने 2018 च्या जिम्नीत हे सरळ केलंय, फोर-लो (फोर बाय फोरची कमी वेगाची, जास्त जोराची रेंज) टाकला की ईएसपी आपोआप बंद आणि ब्रेकवालं ट्रॅक्शन कंट्रोल चालू राहतं. त्याच गाडीत शिडीसारखी चासी, मागे-पुढे सॉलिड ॲक्सल आणि फोर बाय फोरचा चक्क हाताने ओढायचा लिव्हर आहे. मग सांगा ही जुनी म्हणायची का नवीन? आधीच्या पिढीत काही वर्षं बटणं होती, त्यावर लोकांचा राग होता, पण तिथे बरेचदा दगा द्यायची ती पुढच्या हबची (चाक ॲक्सलला जोडणाऱ्या भागाची) व्हॅक्युमची रबरी नळी नाहीतर सील, म्हणजे रबरच. नाव मात्र बटणाचं खराब.

उतरणीचं पण असंच. लो रेंज (तोच फोर-लो), पहिला गिअर, पाय दोन्ही पेडलवरून बाजूला, ही पद्धत उत्तमच आहे. पण उतरताना एक चाक उचललं गेलं तर ओपन डिफमुळे त्या ॲक्सलचं इंजिन ब्रेकिंग पण गायब होतं, आणि गाडी एकदम सुटल्यासारखी वाटते तेव्हा माणसाचा पाय ब्रेकवर जोरात जातोच. हिल डिसेंट कंट्रोल प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक लावतं, जे एका पेडलने कुठल्याही उस्तादाला शक्य नाही. गंमत म्हणजे हे पहिल्यांदा आलं 1997 च्या लँड रोव्हर फ्रीलँडरमध्ये, कारण त्या गाडीला लो रेंजच नव्हता! जुगाड म्हणून आलं आणि मग लो रेंजवाल्या गाड्यांनी पण घेतलं.

पाण्याचा मुद्दा. जुन्या डिफेंडरला कंपनीने सांगितलेली पाण्याची खोली 500 मिलिमीटर, 2019 ला आलेल्या नव्या डिफेंडरला एअर सस्पेन्शनवर 900. आकडे कंपनीचेच आहेत, भांडायचं तर त्यांच्याशी भांडा. जुन्या पेट्रोल गाडीत डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगना करंट वाटणाऱ्या भागाच्या) टोपीत पाणी शिरलं की ती ओढ्याच्या मध्यावर खोकायला लागते, हे तेव्हाच्या लोकांना विचारा. पाण्यात खरंच राजा म्हणावं असं इंजिन म्हणजे मेकॅनिकल पंपाचं जुनं डिझेल, ते दिलं तुम्हाला. पण हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, तिथे जुनं-नवं सगळं सारखंच. आणि तापलेला ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, म्हणून ब्रीदरची, म्हणजे ॲक्सलला हवा घेऊ देणारी, नळी वर काढून ठेवायची असते, जी जुन्या गाडीत बरेचदा तुटलेली किंवा चिखलाने बुजलेली सापडते. नव्या गाडीचं दुखणं निराळं, पाणी केबिनमध्ये शिरलं की सीटखालची मॉड्युल्स आणि कनेक्टर आज चालतात आणि काही महिन्यांनी हिरवे पडून छळतात.

कार्बोरेटरचं (जुन्या इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचं) तर मेसेजमध्ये नावच नाही, सोयीस्करपणे. तीव्र चढावर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन गुदमरतं, आणि 5000 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो तिथे कार्बोरेटर पेट्रोल जास्त सोडत काळा धूर काढतो. फ्युएल इंजेक्शन हे आपलं आपण सांभाळून घेतं.

‘जुनं लोखंड तुटत नाही’ यावर काय बोलायचं, जुन्या सिरीज लँड रोव्हरचे मागचे हाफ शाफ्ट तुटण्यासाठीच प्रसिद्ध होते.

बरं, आता मेसेजने जे लिहायला हवं होतं ते मी लिहितो, कारण नवीन गाड्यांवर राग काढायला चांगली कारणं आहेत. बॅटरी पूर्ण बसली तर ऑटोमॅटिक, बटण-स्टार्ट गाडीला धक्का मारून उपयोग नाही, आणि गिअर इलेक्ट्रॉनिक असेल तर ती पार्कमध्येच अडकते, ओढून काढणं पण कटकट. खडकात चाक कुठे पडतंय ते बघायला दार उघडून बाहेर वाकलात की कितीतरी नव्या गाड्या स्वतःहून पार्कमध्ये जातात, चढावर मध्येच, भयंकर चीड येते. कॉमन रेल डिझेलमध्ये (नव्या, कंप्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजिनात) दाब 1600 ते 2000 बार आणि त्याहून वर असतो, पाणी मिसळलेलं डिझेल त्याला अजिबात चालत नाही, इंजेक्टर जातात, जिथे जुना पंप कुरकुरत का होईना ते जाळून टाकायचा. ॲडब्लू (धूर स्वच्छ करायला नव्या डिझेल गाडीत वेगळं भरायचं द्रव) उणे 11 अंशाला गोठतं, आणि संपलं तर एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू होऊ देत नाहीत अशा गाड्या आहेत. आणि माझा सगळ्यात मोठा राग म्हणजे 19-20 इंची रिम. मोठे ब्रेक बसवायला आणि शोरूममध्ये शोभायला मोठी रिम, मग टायरची भिंत राहते चार बोटं, वाळूत 15-18 पीएसआयपर्यंत हवा काढली की टायर लांबट होऊन जो फरक पडतो तो पडायला जागाच नाही, वर दगडाला रिम आपटते ती वेगळीच. हा दोष कुठल्याही सेन्सरपेक्षा जास्त वेळा गाडी अडवतो आणि त्यावर कोणी मेसेज लिहीत नाही.

ड्रायव्हर शिकत नाही म्हणे. ज्याला शिकायचंय तो सिस्टिम बंद करून शिकतो, बटण दिलेलं असतं. ज्याला नाही शिकायचं तो जुन्या गाडीत पण पहिल्या गिअरमध्ये क्लच जाळत बसतो.

तर निवडताना मी काय बघेन? ऑफरोडचा दिवस सोडला तर बाकीचा काळ ही गाडी डांबरी रस्त्यावर, घरच्यांना घेऊन चालणार असेल तर एअरबॅग आणि ईएसपी नसलेली गाडी मी सुचवणार नाही, जुना डिफेंडर 2016 ला बंद झाला तोपर्यंत त्यात एअरबॅग नव्हत्या. लो रेंज असलेली, 16-17 इंची रिम बसणारी नवीन गाडी घ्या आणि ईएसपी पूर्ण बंद होतं का ते घ्यायच्या आधी विचारा. खराब डिझेलच्या, मेकॅनिकपासून खूप लांबच्या भागात आठवडेच्या आठवडे राहणार असाल आणि स्वतः गाडीखाली झोपायची तयारी असेल तर जुनं मेकॅनिकल डिझेल घ्या, बिनधास्त. फक्त घेताना विकणाऱ्याला मोकळ्या मातीवर फोर-लो टाकून पुढे-मागे चालवून दाखवायला सांगा, कारण वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर जाम झालेला असतो. मग खाली झोपून मागच्या चाकाजवळ चासीवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोरात दाबून बघा. आत गेलं तर किल्ली परत द्या आणि चालू पडा.