‘द सिक्स्थ डे’ टाकाऊ आहे का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

अहो, एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत त्याबद्दल आधी आभार, नाहीतर इथे ‘मस्त’ आणि ‘बकवास’ यापलीकडे कोणी टाईप करायचे कष्ट घेत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की २००० सालचा अर्नोल्डचा हा पिक्चर म्हणजे डोकं बाजूला ठेवून बघायचा मारधाडपट, त्यातलं सायन्स शाळकरी पोरगंही खोडून काढेल, दोन तासात अख्खा माणूस तयार होतो म्हणे, मेंदूतल्या आठवणी डोळ्यातून कॉपी होतात म्हणे, मग मी त्यावर एवढं लांबलचक कौतुक का लिहिलं, आणि क्लोनिंगवर बघायचाच असेल तर २००५ चा ‘द आयलंड’ बघावा. शिवाय जाता जाता ‘हा तर आपला हिंदी पिक्चरमधला डबल रोल’ असा टोमणा.

(पिक्चर न बघितलेल्यांनी इथेच थांबा, पुढे सगळा सस्पेन्स फोडलाय.)

सायन्सवर मी तुमच्याशी भांडणारच नाहीये. डॉली ही क्लोन मेंढी १९९६ साली स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये जन्मली तेव्हा २७७ प्रयत्नांतून एकच कोकरू हाती लागलं होतं, आणि ते कोकरू होतं, तयार मेंढी नव्हे. आपल्या कर्नालला एनडीआरआयमध्ये, म्हणजे राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत, २००९ साली म्हशीचं क्लोनिंग झालं, तिथेही जन्माला आलं ते रेडकूच. क्लोन म्हणजे उशिरा जन्मलेलं जुळं भावंड, त्याला शून्यापासून वाढावं लागतं, आठवणी वगैरे काही त्याच्याबरोबर येत नाहीत. त्यामुळे पिक्चरमधल्या त्या टाक्यांमध्ये तरंगणाऱ्या कोऱ्या देहांना, आणि डोळे तपासतो सांगून क्षणात अख्खा मेंदू उतरवून घेणाऱ्या मशीनला, तुम्ही कितीही हसा, मीपण हसलो.

पण मग पिक्चरमधल्या त्या रीपेट नावाच्या, पाळीव प्राण्यांचे क्लोन विकणाऱ्या दुकानाचं काय करायचं ते सांगा. मेलेला कुत्रा आणून द्या, तसाच्या तसा परत घेऊन जा, सवयी शिकवणुकीसकट, असं गोड बोलणारा तो सेल्समन. पिक्चर आला २००० च्या नोव्हेंबरमध्ये आणि २००१ च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमध्ये पहिली क्लोन मांजर जन्मलीसुद्धा, सीसी नावाची. आता गंमत बघा, जिच्यापासून ती बनवली ती रेनबो नावाची मांजर तिरंगी होती आणि सीसीच्या अंगावर केशरी ठिपका औषधालाही नव्हता, कारण मांजरात तो रंग एक्स क्रोमोझोमवर असतो आणि मादीच्या दोन एक्सपैकी कुठल्या पेशीत कुठला बंद पडणार हे आपोआप आणि कसंही ठरतं, जीन्स सगळे तेच असूनही. म्हणजे नुसता रंगसुद्धा तसाच्या तसा येईल याची खात्री नाही. तरी धंदा उभा राहिलाच, अमेरिकेत कुत्र्याचा क्लोन सुमारे ५० हजार डॉलर्सना करून मिळतो, गायिका-अभिनेत्री बार्बरा स्ट्रायसँडने आपल्या लाडक्या कुत्रीचे दोन क्लोन करून घेतले आणि मग स्वतःच सांगितलं की दोघींचे स्वभाव वेगळे आहेत. तर पिक्चरवाल्यांना लॅब काही कळली नाही, पण गिऱ्हाईक मात्र त्यांनी बरोब्बर ओळखलं होतं, आणि माझ्या मते ते जास्त अवघड आहे.

आता मुख्य मुद्दा, जो तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही म्हणून मला हे एवढं लिहावं लागतंय. तुम्ही क्लोन कसा बनतो यावरच अडकलात, पण पिक्चर बोलतोय कोणाच्या नावावर काय राहतं याबद्दल. ड्रकरला, म्हणजे त्या क्लोनिंग कंपनीच्या मालकाला, ॲडमचा, म्हणजे अर्नोल्डचा, जीव का हवा असतो आठवतंय ना? ॲडम जिवंत असतानाच चुकून त्याचा क्लोन झालाय. कायद्याने माणसाचा क्लोन बेकायदा, क्लोनला कसलेच हक्क नाहीत, आणि ड्रकर स्वतःच क्लोन आहे, म्हणजे हे बाहेर फुटलं तर कंपनी, पैसा, सगळंच हातचं जाणार. एवढा मोठा शेठ आणि कागदोपत्री मेलेला! सगळा गोळीबार या एका कागदी भानगडीतून सुरू होतो, मला तरी हे जगबुडी वगैरेपेक्षा फार पटण्यासारखं वाटलं.

आणि डबल रोलचं म्हणाल तर आपल्या डबल रोलमध्ये पहिल्या रीळापासून माहीत असतं की हा राम आणि तो श्याम, गोंधळ असतो तो पडद्यावरच्या लोकांचा, आपला नाही. इथे उलटं आहे. वाढदिवसाच्या रात्री घरी येऊन ॲडम खिडकीतून बघतो तर आत दुसराच ॲडम बायको-पोरीबरोबर केक कापतोय, आणि आपण तेव्हापासून बाहेरच्या ॲडमच्या बाजूने, आत बसलेला तो भामटा, हे धरूनच चालतो. शेवटाकडे कळतं की ज्याच्यासाठी आपण एवढा वेळ जीव मुठीत धरून बसलो तोच क्लोन आहे. बरं, कळल्यावर त्याच्याबद्दलचं आपलं प्रेम काही कमी होतं का? माझं तरी नाही झालं. ‘द आयलंड’ चांगलाच आहे, पण तिथे क्लोन बिचारे आहेत हे लवकर समजतं आणि मग आपल्याला फक्त त्यांच्याबरोबर पळायचं असतं. इथे आपलीच फसवणूक होते.

ड्रकरच्या त्या भाडोत्री गुंडांना तुम्ही ‘टुकार कॉमेडी’ म्हणालात. मला ती पिक्चरमधली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. मारले की परत येतात, आणि येतात ते कुरकुरत, जिथे लागलं होतं तिथे अजून दुखतंय म्हणून, नव्या शरीरात लागलेलं काहीच नसताना. मरणाचं कसलं म्हणून गांभीर्य उरलेलं नाही, सर्दीपडशासारखं झालंय. आणि त्याच पिक्चरमध्ये ड्रकरसाठी क्लोन बनवणाऱ्या डॉ. विअरची बायको आहे, एकदा क्लोन झालेली, पुन्हा मरायला टेकलेली, ती नवऱ्याला सांगते आता मला परत आणू नकोस. विअर झालेला रॉबर्ट डुवॉल त्या सीनमध्ये जे करतो ते कुठल्याही गंभीर पिक्चरमध्ये शोभलं असतं, आणि नंतर त्याला कळतं की तिचा आजार ड्रकरने मुद्दाम घातलेला, क्लोन हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून. शेवटी ड्रकरचा अर्धवट बनलेला क्लोन मरणाऱ्या ड्रकरच्याच अंगावरचे कपडे ओढून काढतो, निदान मरेपर्यंत तरी थांब म्हणण्याचीही सोय नाही, कारण समोर उभा आहे तो आपणच आणि आपणही थांबलो नसतोच. याला मारधाडपट म्हणा, माझी हरकत नाही.

अर्नोल्डच्या अभिनयावर तुम्ही जे लिहिलंत ते वर्षातल्या वाईट पिक्चरना गमतीने पुरस्कार देणाऱ्या रॅझीवाल्यांनी तुमच्या आधीच म्हणून ठेवलंय, खऱ्या ॲडमसाठी वाईट नायक, क्लोनसाठी वाईट सहनायक आणि दोघांची मिळून वाईट जोडी, अशी एका माणसाला तीन नामांकनं. विनोद म्हणून झकासच आहे.

मला पिक्चरवर राग आहे तो वेगळ्याच कारणासाठी आणि तो माझ्या लेखात होताच, तुमच्या नजरेतून सुटला असेल. एवढं सगळं दाखवून झाल्यावर घर, बायको, मुलगी खऱ्या ॲडमकडे आणि क्लोनची रवानगी अर्जेंटिनाला, जहाजाने, हसत हसत. का? लग्नाच्या आठवणी दोघांनाही तेवढ्याच आहेत, मुलीसाठी जीव दोघांनीही धोक्यात घातला, मग आधी जन्मला एवढ्यावर घर कसं ठरलं, आणि बायकोला कोणी विचारलं का? इथे दिग्दर्शक सरळ घाबरला. तुम्ही यावर झोडपलं असतंत तर मी मान डोलावली असती, टाक्यांवरून काय भांडायचं.