गॅस जळताना फक्त पाणी निघत नाही, बाथरूमची जाळी उघडी ठेवा

सध्या नागपुरातल्या घरगुती ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘नैसर्गिक वायू म्हणजे शून्य प्रदूषण. जळल्यावर फक्त पाणी निघतं, सकाळी सीएनजी गाडीचा सायलेन्सर बघा. म्हणून गॅस गीझर बंद बाथरूममध्येही सुरक्षित. गळला तरी हवेत विरून जातो. पाइपचा गॅस आला तरी शेगडीत काही बदलावं लागत नाही. सीएनजी गाडीला पीयूसी नको.’ आमच्या मावशीने हे वाचून बाथरूमच्या जाळीला पुठ्ठा लावला, गार वारा येतो म्हणून. त्यामुळे आधी त्या पुठ्ठ्याबद्दल.

पाणी निघतं, हे खरं. पण नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्यात हायड्रोजनसोबत कार्बनही असतो, तो कुठे जाणार? एक किलो मिथेन पूर्ण जळला की सव्वादोन किलो पाणी आणि पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाणी गार नळीत थेंब होऊन दिसतं, वायू दिसत नाही, एवढंच. थंडीत गाडी सुरू केल्यावर पेट्रोलच्या सायलेन्सरमधूनही असंच पाणी टपकतं.

आता ‘पूर्ण जळला की’ ही अट. बंद बाथरूममध्ये नेमकी तीच मोडते. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणाऱ्या गीझरला साधारण १२ किलोवॉटची आच लागते. नैसर्गिक वायूवर चालवला तर तो तासाला सव्वा घनमीटर वायू आणि अडीच घनमीटर ऑक्सिजन खातो. चार बाय सहाचं, आठ फूट उंच बाथरूम म्हणजे जेमतेम साडेपाच घनमीटर हवा. दार, खिडकी, जाळी सगळं बंद असेल तर चार-पाच मिनिटांत त्या हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ वर येतो. मग निळी ज्योत पिवळी पडायला लागते, जळण अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. काही गीझरना २० मिनिटांचा टायमर असतो. वरचा हिशेब पाहिला तर त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

मोनॉक्साइडला वास नाही. आपल्याला गॅसचा म्हणून जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, आणि ज्योतीत तोही जळून जातो. त्यामुळे ‘काही झालं तर वास येईलच’ हे इथे चालत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळून जातात, आणि कडी हाताशी असूनही काढता येत नाही. नागपुरात बहुतेक गीझर अजून सिलिंडरवर चालतात. सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे नैसर्गिक वायू नव्हेच, पण हा धोका दोघांचाही सारखाच.

म्हणून गीझर बाथरूमच्या बाहेर, गॅलरीत किंवा धुण्याच्या जागेत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी घ्या. ते शक्यच नसेल तर धुराची नळी भिंतीबाहेर काढा, वरची आणि खालची दोन्ही जाळ्या उघड्या ठेवा, आणि दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, मगच आंघोळीला जा. ज्योत पिवळी दिसली किंवा झाकणावर काजळी धरली तर बर्नर साफ होईपर्यंत गीझर लावू नका.

‘शून्य प्रदूषण’ हे खोटं असलं तरी कोळशाशी तुलना केली तर नैसर्गिक वायू स्वच्छ, तेवढ्यापुरता मेसेज अर्धा खरा आहे, ते मान्य करावं लागेल. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २००६ च्या तक्त्यात एक गिगाज्यूल उष्णतेमागे निघणारा कार्बन डायऑक्साइड दिला आहे: दगडी कोळसा सुमारे ९५ किलो, डिझेल ७४.१, एलपीजी ६३.१, नैसर्गिक वायू ५६.१. शिवाय वायूत राख नाही आणि गंधक नावापुरतं. राख काय असते हे कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांजवळ राहणाऱ्या लोकांना सांगायला नको. पण ५६ म्हणजे शून्य नव्हे. आणि सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेतला तर घरातला कार्बन जेमतेम नवव्या हिश्शाने कमी होतो. चूल किंवा कोळशाची सिगडी सोडून गॅस घेणाऱ्या घराला मात्र धुरापासून खरी सुटका मिळते. ती मोठी गोष्ट आहे.

‘गळला तरी विरून जातो’ हे तर उलटंच. न जळलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८२ पट तापवतो. शंभर किलो वायू जाळला तर २७५ किलो कार्बन डायऑक्साइड. त्यामागे विहिरीपासून शेगडीपर्यंत कुठेही तीन किलो गळला तर आणखी अडीचशे किलोंची भर. कोळशावरची आघाडी अशीच संपते. म्हणून सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा आणि रबरी नळी मुदत संपायच्या आत बदला.

शेगडीचं थोडक्यात: पाइपच्या गॅसचा दाब कमी आणि तेवढ्याच आकारमानात उष्णताही कमी, म्हणून जेटचं, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक मोठं लागतं. सिलिंडरचा जेट तसाच ठेवला तर आच मंद. सुईने भोक मोठं करून पुन्हा सिलिंडर जोडला तर पिवळी ज्योत आणि भांड्यांना काजळी. जेट गॅस कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या.

आणि पीयूसी सीएनजी गाडीलाही लागतंच. शिवाय २०० बार दाब सोसणाऱ्या त्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, करावी लागते. टाकीवरच्या पट्टीवर तारीख कोरलेली असते, ती आज बघून घ्या.