तिसऱ्या उमेदवाराने कोणाचे काय खाल्ले?

आज दुपारी उत्सवाच्या हिशेबासाठी भरलेल्या गावबैठकीत पंचायत समितीच्या निवडणुकीचा विषय निघाला आणि आमच्याच आळीतील एका तरुण मुलीने अपक्ष म्हणून अर्ज भरण्याचा विचार बोलून दाखवला. त्यावर ज्यांचा शब्द गावात कोणी खाली पडू देत नाही अशा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, त्यांना इथे नुसते नाना म्हणते, तिला जे उत्तर दिले ते ऐकून मी संतापून घरी आले आणि तो संताप उतरण्याच्या आत हे लिहायला बसले आहे. नाना म्हणाले, "तू काही निवडून येणार नाहीस. मते तेवढी खाशील आणि नको तो माणूस आमच्या डोक्यावर आणून बसवशील. तुमच्या आळीने हे एकदा करून दाखवले आहे." शेवटचे वाक्य माझ्याकडे पाहून उच्चारलेले होते, कारण ते एकदा करून दाखवणारी बाई म्हणजे माझी आत्या.

खारेपाटात न राहणाऱ्या मित्रांसाठी थोडे सांगणे भाग आहे. आमची भातशेती खाडीच्या पातळीला आहे आणि ती केवळ बाहेरकाठ्याच्या बांधावर तगून आहे. उधाणाच्या भरतीला त्या बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते, त्या वर्षाचे पीक जातेच, पण खांड वेळेवर बुजली नाही तर पुढची अनेक वर्षे जमीन पिकत नाही आणि बघता बघता तिच्यात कांदळवन उभे राहते. आमच्या गावाला हेच झाले होते. त्या वर्षी दोन मोठ्या पक्षांचे दोन उमेदवार मते मागायला आले, दोघांनी समाजमंदिराचे आश्वासन दिले, एकाने सभामंडपावर पत्रे घालून देतो म्हणून सांगितले, पण बांधाचे नाव दोघांपैकी एकानेही काढले नाही. आत्याने दोघांनाही अंगणात उभे करून विचारले. दोघांनीही "बघू" म्हटले. मग ती स्वतः उभी राहिली. कपबशी हे चिन्ह, हाताने रंगवलेले फलक आणि सोबत चार बायका, एवढाच तिचा प्रचार होता.

ती पडली. तिला जेवढी मते मिळाली त्याहून कमी मतांनी पहिल्या दोघांतला निकाल लागला, आणि त्या रात्रीपासून हरलेल्या बाजूच्या लोकांनी तिच्याशी बोलणे टाकले. समोरच्याने पाकीट देऊन तिला उभी केली होती, हेही पसरवले गेले. ज्या बाईने मंगळसूत्राखेरीज असलेले सोने गहाण ठेवून फलक रंगवून घेतले होते, तिच्याविषयी हे बोलले गेले. नाना, तुम्ही ही पोस्ट वाचणार आहात हे मला ठाऊक आहे, म्हणून स्पष्ट विचारते: ती मते तुमच्या उमेदवाराची होती, हे कोणी ठरवले?

या वादातला सगळा घोटाळा इथेच आहे. मोठा पक्ष हरला की तिसऱ्याच्या पदरातली सगळी मते उचलून तो आपल्या खात्यावर जमा करतो, जणू ते मतदार त्याच्या घरचेच होते आणि कोणीतरी त्यांना वाटेत फूस लावून पळवले. आत्याला मत देणाऱ्या कोळणींपैकी एक जण निकालानंतर आमच्या ओटीवर बसून म्हणाली होती, "तू उभी नसतीस ना बाय, तर आम्ही त्या दिवशी मासळी घेऊन बाजारालाच गेलो असतो." हे वाक्य माझ्या मनातून कधी गेले नाही. तिसरा उमेदवार नसता तर त्याचे मतदार दुसऱ्या क्रमांकाच्या पसंतीकडे रांगेने चालत गेले असते असे मानणारे लोक कधी मतदारांशी बोललेले नसतात. त्यातले काही एकाकडे जातात, काही दुसऱ्याकडे जातात आणि पुष्कळसे घरीच राहतात.

नानांचा मुंबईचा मुलगा सुटीवर आला आहे. त्याने बैठकीत अमेरिकेचे उदाहरण पुढे केले. २००० साली फ्लोरिडा राज्यात जॉर्ज बुश अवघ्या ५३७ मतांनी पुढे राहिले आणि राष्ट्राध्यक्ष झाले, तिथे ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मते होती, म्हणजे अल गोर यांना नेडर यांनी पाडले, असा त्याचा हिशेब. हिशेब अर्धाच सांगितला. त्या राज्यात मतपत्रिकेवर असलेल्या प्रत्येक लहान पक्षाच्या उमेदवाराला ५३७ हून अधिक मते पडली होती. समाजवादी पक्षाच्या उमेदवाराला ६२२ मते होती, सोशालिस्ट वर्कर्स पक्षाच्या उमेदवाराला ५६२. मग या प्रत्येकाने गोर यांना पाडले असे म्हणायचे काय? आणि पॅट ब्युकॅनन या उजव्या बाजूच्या उमेदवाराने १७ हजारांहून अधिक मते घेतली, त्याचा जमाखर्च कोणाच्या नावावर लिहायचा? गोर स्वतःच्या टेनेसी राज्यात हरले. ते एक राज्य जिंकले असते तर फ्लोरिडात काय झाले याची त्यांना गरजही उरली नसती. ज्या माणसाला त्याच्या घरच्या राज्याने नाकारले त्याच्या पराभवासाठी परक्याला फासावर चढवण्याचा हा प्रकार आहे. नेडर यांच्या मतदारांपैकी बुश यांच्यापेक्षा गोर यांच्याकडे अधिक लोक गेले असते आणि एवढ्या अटीतटीत तेवढे पुरले असते, हे मी मान्य करते. त्यापलीकडे काही मान्य करत नाही.

पण अमेरिकेला कशाला जायचे? उरण आपल्या जिल्ह्यातच आहे. २०१४ च्या विधानसभेला शिवसेना-भाजप युती तुटली होती, तिथे शिवसेनेचे मनोहर भोईर शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) विवेक पाटील यांच्यापुढे केवळ ८११ मतांनी राहिले, आणि भाजपचे महेश बालदी या दोघांच्या मागे पडले होते. त्या वेळी बालदींनी कोणाची मते खाल्ली यावर चहाच्या टपरीवर किती चर्चा झाल्या असतील याची कल्पना करा. पाच वर्षांनी युती झाली, जागा शिवसेनेला गेली, बालदी अपक्ष उभे राहिले आणि ५,७१० मतांनी निवडून आले. म्हणजे ज्याला कालपर्यंत मते खाणारा म्हणून मोजत होते तोच पहिला आला. २०१४ साली त्यांना "तुम्ही येणार नाही, बसा" असे सांगून बसवले असते आणि त्यांनी ते ऐकले असते, तर २०१९ चा निकाल कुठून आला असता? त्यांचे राजकारण मला पटते की नाही हा मुद्दाच नाही. ते पटत नसतानाही मी हे लिहीत आहे, यावरून माझे म्हणणे किती गंभीर आहे ते समजून घ्या. आणि २०२४ ला त्याच उरणमध्ये बालदी भाजपतर्फे ६,५१२ मतांनी जिंकले, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर शेकापचे प्रीतम म्हात्रे होते आणि तिसऱ्यावर उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे मनोहर भोईर, त्यांना ७० हजारांच्या आसपास मते. राज्यात हे दोन्ही पक्ष एका बाजूचे म्हणवत होते. आता सांगा, यांत बिघडवणारा कोण आणि बिघडलेला कोण? दोन मोठे पक्ष एकमेकांशी जागेवरून भांडतात तेव्हा त्याला मैत्रीपूर्ण लढत म्हणतात, आणि एक बाई बांधासाठी उभी राहिली तर ती सुपारी घेतलेली ठरते.

हा दुटप्पीपणा मला सहन होत नाही.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मी टाळणार नाही. मुद्दाम बिघडवण्यासाठी उभे केलेले उमेदवार असतात. आपल्याच रायगडात २०१४ च्या लोकसभेला अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला, आणि त्याच मतदानयंत्रावर सुनील तटकरे याच नावाचे एक अपक्षही होते, त्यांना साडेनऊ हजारांहून अधिक मते पडली. ती मते त्या अपक्षाच्या विचारांसाठी पडली असे म्हणण्याइतकी मी भोळी नाही. पुढच्याच वर्षी, २०१५ पासून, निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापणे सुरू केले, आणि ते योग्यच झाले. पण नामसाधर्म्याने होणारी मतदाराची फसगत आणि खरोखरच्या प्रश्नावर मागितलेले मत या दोन गोष्टी एका टोपलीत घालू नका. त्याच निवडणुकीत शेकापच्या उमेदवाराला लाखाच्या वर मते होती. तटकरे हरले म्हणून त्यांच्या लोकांनी त्याला बोल लावला, आणि गीते हरले असते तर त्यांच्या लोकांनी लावला असता. लाखभर माणसांनी विचार करून दिलेल्या मताला स्वतःचा असा काही अर्थ असू शकतो, हे दोन्हीकडे कोणालाच सुचत नाही.

आता थोडी शांत झाले आहे, तर मला मनापासून वाटणारी गोष्ट सांगते. आमचे आजोबा कूळ होते. चरी आमच्याच तालुक्यात आहे. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या कुळांनी संप केला आणि जमिनी पड ठेवून वर्षानुवर्षे उपासमार सोसली, हे आपण सगळे ऐकत मोठे झालो. १९३६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. मुंबई प्रांतात काँग्रेसचे बळ मोठे होते आणि तिच्यापुढे हा पक्ष लहान होता. नानांसारखे कोणी तेव्हाही म्हणाले असेल की काँग्रेसची मते फोडू नका, स्वराज्य आधी येऊ द्या. त्याच लहान पक्षाने १९३७ साली विधिमंडळात खोती, म्हणजे खोताने कुळांकडून वसुली करण्याची पद्धत, रद्द करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. पण प्रश्न एकदा सभागृहात मांडला गेला तो परत पोत्यात भरता आला नाही, आणि १९४९ मध्ये खोती रद्द करण्याचा कायदा झाला. ज्यांच्या घरात कुळाचा सातबारा आला ती माणसे आज तिसऱ्याने उभेच राहू नये असे म्हणतात, तेव्हा मला राग येण्यापेक्षा वाईट अधिक वाटते.

आत्याच्या बाबतीतही हेच झाले, आणि नाना हा भाग नेहमी गाळतात. पुढच्या निवडणुकीत दोन्ही पक्षांच्या पत्रकांवर बांधाची दुरुस्ती पहिल्या क्रमांकावर छापलेली होती. कारण आत्याकडे गेलेली मते दोघांनाही दिसली होती, आणि ती दिसली नसती तर आणखी पाच वर्षे समाजमंदिर आणि पत्रेच मिळाले असते. खांड पूर्ण बुजायला त्यानंतरही फार वेळ गेला, संबंधित कचेरीत फाईल फिरत राहिली, काही शेते कायमची गेली. पण बांध हा निवडणुकीचा विषय झाला तो तिच्यामुळे. तिला त्याचे श्रेय कोणी दिले नाही. ती आजही कोणाला दोष देत नाही. उलट मीच चिडते म्हणून मला गप्प करते.

नाना, तुमची काळजी मला कळत नाही असे समजू नका. ज्या माणसाला आपण घातक मानतो तो तीस-पस्तीस टक्के मतांवर निवडून येतो आणि उरलेले पासष्ट टक्के लोक एकमेकांकडे बघत बसतात, हे मलाही छळते. पण यातला दोष मतपत्रिकेचा आहे, जी मतदाराला एकच खूण करू देते. अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१० साली गव्हर्नर ३८ टक्क्यांहूनही कमी मतांवर निवडून आला, अपक्ष दुसरा आला आणि डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवार तिसरी. तिथल्या लोकांनी उमेदवारांना घरी बसवण्याचा मार्ग धरला नाही. २०१६ मध्ये सार्वमत घेऊन त्यांनी पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली: पहिली पसंती मागे पडली की मत दुसऱ्या पसंतीला जाते. हे आपल्याला परके नाही. कोकण पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने मतदान केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने १, २, ३ असे आकडे लिहिले आहेत. पदवी असलेल्या माणसाला आपली दुसरी पसंती सांगण्याचा अधिकार आहे, आणि ओटीवर बसून आत्याशी बोलणाऱ्या त्या कोळणीला तो नाही, याचे समर्थन मला कोणीतरी करून दाखवावे.

मोजणी लांबेल, सध्याची यंत्रे चालणार नाहीत, बाद मते वाढतील, हे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते अगदी पोकळही नाहीत. परंतु पंचायतींच्या निवडणुकांचा कायदा राज्याच्या विधिमंडळाच्या हातात आहे. संविधानाच्या २४३-ट या अनुच्छेदाने तो अधिकार राज्याला दिला आहे. त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. पंचायत समितीच्या एका गणात मतदार असतात किती, आणि मोजणीला आणखी एक दिवस लागला तर बिघडते काय? तिसऱ्या उमेदवाराचा ज्यांना खरोखर त्रास होतो, त्यांनी आपल्या आमदारांकडे ही मागणी करावी. तालुक्यातील दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांना मी या पोस्टमध्ये टॅग केले आहे. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेसाठी पसंतीक्रमाच्या मतदानाला तुमचा पाठिंबा आहे की नाही, याचे उत्तर अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेपूर्वी इथेच, सर्वांसमोर लिहा. "बघू" हे उत्तर मी धरणार नाही.