‘माजी सैनिकाच्या मुलांना सगळं शिक्षण फुकट’: मेसेज काय म्हणतो आणि नियम काय आहे

कॉलेज प्रवेशांचे दिवस आले की गोव्यातल्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. पहिलीपासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळं शिक्षण मोफत, वर महिना ३००० रुपये. डिस्चार्ज बुक (निवृत्तीवेळी मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) दाखवा, कॉलेज फी माफ करेल. केंद्रीय विद्यालयात जागा पक्की. अग्निवीरांनाही हे सगळं लागू.

‘सगळं मोफत.’ पूर्ण फीची सवलत आहे, पण ती लढाईत किंवा लष्करी कारवाईत शहीद, बेपत्ता वा कायमचे अपंग झालेल्यांच्या मुलांसाठी. तिच्यावर २०१७ मध्ये लादलेली महिना १०,००० रुपयांची मर्यादा मार्च २०१८ मध्ये उठवली, तीच बातमी अर्धवट वाचून हा दावा निघाला असावा. सेवा पुरी करून घरी आलेल्यासाठी आहे ते संरक्षणमंत्री कल्याण निधीचं शैक्षणिक अनुदान: दोन मुलांपर्यंत, पहिली ते पदवी. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना दर मुलामागे महिना १००० ऐवजी २००० रुपये मिळतात. मात्र हे हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांनाच (नौदलात पेटी ऑफिसर, हवाई दलात सार्जंटपर्यंत). नायब सुभेदार झालात की बाहेर. इयत्ता पास झाल्यावर मार्कशीट जोडून अर्ज करायचा, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीची फी आधी खिशातूनच जाते.

‘महिना ३००० रुपये.’ ही पंतप्रधान शिष्यवृत्ती, आणि ३००० मुलींना, मुलग्यांना २५००. पैसे वर्षाचे एकदम जमा होतात. देशभरात दरवर्षी ५५०० नव्या शिष्यवृत्त्या, निम्म्या मुलींना. सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते इथे. कोर्स व्यावसायिक पदवीचाच हवा: बीई, एमबीबीएस, नर्सिंग, बीसीए, बीएड चालतात, साधं बीए, बीकॉम नाही. अर्ज पहिल्या वर्षालाच. दुसऱ्या वर्षात आठवण झाली तर उपयोग नाही (डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेले अपवाद). बीईला बारावीचे किमान ६० टक्के लागतात, बीएडला पदवीचे. बारावीला ५८ टक्के आणि पदवीला ७० असतील तर बीएडला चालेल. नंतर दरवर्षी ५० टक्के राखले तरच नूतनीकरण. सर्वसाधारण गटात अधिकाऱ्यांची मुलं बसत नाहीत.

‘डिस्चार्ज बुक दाखवा.’ कॉलेजचा संबंध बोनाफाईडच्या सहीपुरता. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर, पडताळणी पणजीच्या सैनिक कल्याण खात्यात. बँक खातं विद्यार्थ्याच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं. खरी गोची नावांची. डिस्चार्ज बुकात इंग्रजीत Gaunkar, जन्मदाखल्यावर Gaonkar, दहावीच्या मार्कशीटवर तिसरंच. नाईक मंडळींच्या घरात Naik आणि Naique एकाच फायलीत सापडतात. कधी मुलाचं नाव सर्व्हिस रेकॉर्डवर चढलेलंच नसतं, कारण जन्म झाला तेव्हा युनिट सीमेवर आणि कुटुंबातला बदल रेकॉर्डवर चढवणारी पार्ट टू ऑर्डर (नौदलात जेनफॉर्म) कोणी काढलीच नाही. तशी दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडूनच होते आणि तिला वेळ लागतो. म्हणून मूल अकरावीत गेलं की डिस्चार्ज बुकातलं कुटुंबाचं पान उघडून जन्मदाखल्याशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. निकालानंतर धावपळ करून हे काम होत नाही.

‘केंद्रीय विद्यालयात जागा पक्की.’ वास्को असो की बांबोळी, माजी सैनिकांची मुलं पहिल्या प्राधान्य गटात येतात, इतकंच. त्याच गटात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचीही मुलं असतात. अर्ज जास्त आले की यादी लागते.

‘अग्निवीरांनाही लागू.’ नाही. २०२२ च्या भरतीच्या अटींनुसार चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जाच नाही. त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे: दहावी पासवर भरती झालेल्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं बारावीचं प्रमाणपत्र, आणि इग्नूच्या खास पदवीत निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे. पदवीचे उरलेले क्रेडिट स्वतः अभ्यास करून मिळवायचे.