नापासांचं पीक कसं घ्यावं

समजा, तुमच्या हाती एक परका मुलुख आला आहे. घेतला तलवारीने, पण चालवायचा कागदावर. तेव्हा कारकून हवेत. ते विलायतेहून आणायचे तर बोटीचं भाडं, गलेलठ्ठ पगार, पेन्शन आणि वर दर उन्हाळ्यात महाबळेश्वर. इथलेच तयार करायचे तर त्यांना इंग्रजी शिकवावं लागणार, आणि इंग्रजी आलं की माणूस अर्ज लिहू लागतो. अशा पेचात सापडला असाल तर हे चार शब्द तुमच्यासाठीच आहेत. मुंबई इलाख्यात हा प्रयोग आधीच होऊन गेला आहे. त्याची नुसती नक्कल केलीत तरी पन्नास वर्षं निर्धास्त निघतील, आणि दरसाल प्रगतीचा अहवाल लिहायला मजकुराची वाण पडणार नाही.

मुहूर्ताचा घोळ घालू नका. मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला 18 जुलै 1857 रोजी. आदल्याच दिवशी इंग्रज सेनापती हॅवलॉकची फौज कानपुरात शिरली होती, दिल्ली बंडवाल्यांच्या ताब्यात होती, आणि पुढच्या दोन आठवड्यांत कोल्हापुरातली पलटणही उठणार होती. एखाद्या भित्र्याने अशा वेळी आधी तोफा मोजल्या असत्या. पण सर चार्ल्स वुड यांचा 1854 चा खलिता येऊन पडलेला, त्यात विद्यापीठं काढा म्हणून लिहिलेलं; आणि सरकारी कागद एकदा निघाला की दंगा असो, पूर असो, तो या टेबलावरून त्या टेबलावर सरकतोच. कलकत्त्याचा कायदा जानेवारीत झाला, मद्रासचा सप्टेंबरात, मुंबईचा मधल्या मधे. खाली ओसरी पेटलेली असताना माडीवर दिवाणखाना काढायचा, याला आत्मविश्वास म्हणतात. अहवालाच्या पहिल्या पानावर हाच शब्द घाला.

आता कानमंत्र. विद्यापीठ काढा, पण शिकवू नका. शिकवायचं म्हटलं की मास्तर आले, बाकं आली, पोरांचे प्रश्न आले. नमुना लंडन विद्यापीठाचा घ्यावा. त्या काळी तेही परीक्षेपुरतंच होतं. एल्फिन्स्टन कॉलेज, पुण्याचं कॉलेज, ग्रँट मेडिकल या जागा आधीपासून आहेतच. तिथले मास्तर शिकवतील, पोरं घोकतील, बाप कर्ज काढतील. तुम्ही आपलं खळ्यावर सूप घेऊन बसायचं. नांगरट त्यांची, पेरणी त्यांची, पाखडणं तुमचं. सिंधपासून कारवारपर्यंतचं धान्य त्या एका खळ्यावर येत असे, ही काय लहान गोष्ट आहे?

कुलपती गव्हर्नरच असतो, त्याला शोधायला जावं लागत नाही. पहिले कुलगुरू विल्यम यार्डली हे सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश. न्यायाधीशाचं इथे काय काम, असं कुणी विचारलं तर सांगा, शिक्षण आणि शिक्षा या दोन्ही शब्दांचा धातू एकच आहे. सेनेटात, म्हणजे विद्यापीठाच्या कारभारी सभेत, फेलो (सभासद) नेमताना विद्वत्तेचा फार आग्रह धरू नका. फेलोशिप ही शालजोडीसारखी वाटायची वस्तू आहे. साहेब इमानाने वागला, शेटजींनी देणगी दिली, पांघरा खांद्यावर. वाटता वाटता सेनेट इतकी फुगली की 1904 साली कर्झनसाहेबांना कायदा करून शंभराची मर्यादा घालावी लागली. पण तोवर तुम्ही पेन्शनीत निघालेले असाल.

पहिली मॅट्रिक 1859 साली झाली. बसले शंभराच्या वर, पार पडले वीस-बावीस. त्यातून बी.ए. पर्यंत पोचले चार. 1862 साली टाउन हॉलात त्यांचा पदवीदान समारंभ झाला: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. अख्ख्या इलाख्यात चार माणसं! एक पालखी उचलायला पुरतील, खांदा बदलायला पाचवा नाही. अहवाल लिहिणाऱ्याने यात खट्टू होण्याचं कारण नाही. चारांवरून सुरुवात करण्याचा फायदा असा, की कधी सहा झाले तरी प्रगती दीडपट.

पण ही सगळी वरवरची शोभा. खरं पीक नापासांचं, आणि ते घ्यायला शिकलात तरच तुम्ही खरे शेतकरी. पास झालेला माणूस महाग पडतो. तो मामलेदारी मागतो, कायद्याचं पुस्तक उघडतो, वर्तमानपत्र काढतो. नापास झालेला त्या मानाने सोन्यासारखा. कचेरीला लागतं तेवढं इंग्रजी त्याला आलेलं असतं, पगाराबद्दल तो घासाघीस करत नाही, आणि पुढच्या साली परत फी भरतो. ती फी नापास झाल्यावर परत मिळत नाही, हे नियमात आधीच लिहून ठेवा. पुढेपुढे 'बी.ए. फेल' हीच एक पदवी होऊन बसली; लग्नाच्या बाजारात तिलाही भाव होता, कारण नापास व्हायला निदान परीक्षेपर्यंत पोचावं तरी लागतं. 'पदवीधर इतके' असा रकाना सगळेच घालतात. तुम्ही 'पदवीच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडलेले इतके' असाही एक घाला. आकडा बघून तुमचाच ऊर भरून येईल.

आणि पाखडताना कोण उडालं याची फिकीर करू नका. विष्णुशास्त्री चिपळूणकरांना मॅट्रिकनंतर बी.ए. व्हायला 1872 साल उजाडलं. टिळक गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले, पण एम.ए.ला दोनदा बसून दोन्हीदा घसरले. हरिभाऊ आपट्यांना गणिताने बी.ए.च्या दारातूनच माघारी धाडलं. म्हणजे मराठी निबंध, मराठी अग्रलेख आणि मराठी कादंबरी, तिन्हींचे धनी कधी ना कधी या सुपातून बाहेर पडले आहेत. इतकी बारीक चाळणी लंडनला तरी असेल की नाही कोण जाणे.

भाषेचा प्रश्न निघेलच, तो लवकर मिटवा. सुरुवातीला परीक्षेत मराठी-गुजरातीलाही पाट मांडला होता. मग 1860 च्या दशकात सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या अमदानीत मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांतला तो पाट उचलला आणि त्यावर संस्कृत, लॅटिन, फारशी अशा कुळवंत भाषा बसवल्या. कारण उघड आहे. मराठी जिवंत होती. लोक ती रोज बोलत, त्यामुळे परीक्षकाची चूक विद्यार्थ्याला कळण्याचा धोका. मेलेल्या भाषेत हा धोका नाही. सदाशिव पेठेतल्या पोराला घरी आमटी मागायला पुरते ती भाषा ज्ञानाला कशी पुरेल, असं गंभीर चेहऱ्याने विचारा. पुष्कळ सुशिक्षित मराठी माणसं मान डोलावतील, आजही डोलावतात.

ग्रँटसाहेब माणूस विद्वान. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे नावाजलेले संपादक. ते प्राचार्य असलेल्या एल्फिन्स्टन कॉलेजात रानड्यांनी एका पेपरात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि ती मराठ्यांच्या बाजूने झुकली. साहेबांनी मुलाला बोलावून समज दिली आणि सहा महिने त्याची स्कॉलरशिप बंद केली. यातून घेण्यासारखा धडा आहे: इतिहासाचा पेपर काढताना उत्तर मनात ठेवूनच प्रश्न विचारावा. स्वतंत्र विचार करा असं सांगायला पदवीदानाचं भाषण आहे, त्यासाठी उत्तरपत्रिका खराब करू देऊ नये.

आता इमारत. इथे मात्र हात आखडू नका, कारण पैसा तुमचा नाहीच. शिकवायचं नाही म्हटल्यावर वर्ग बांधावे लागत नाहीत, त्यामुळे सगळा खर्च शोभेला मोकळा राहतो. अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरचा कापूस अडला, आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. त्या पावसात भिजलेले शेट प्रेमचंद रायचंद यांनी 1864 साली ग्रंथालयासाठी 2 लाख दिले, पुढे बुरुजासाठी आणखी 2 लाख, आणि बुरुजाला आईचं, राजाबाईंचं नाव मागितलं. मुलाचं आईवरचं प्रेम असं 280 फूट उंच उभं राहिलं, त्याला कोण नावं ठेवील? 1865 मध्ये यादवी संपली, कापूस आपटला, शेअर आपटले, शेटजीही आपटले. पण सरकारी खात्यात पडलेली देणगी काही आपटत नाही. म्हणून सांगतो, देणगी तेजीत घ्यावी. पदवीदानाच्या सभागृहासाठी कावसजी जहांगीर यांनी 1 लाख दिले. त्यांचं आडनाव रेडीमनी. दात्याचं नाव इतकं सोयीचं मिळणं हा नशिबाचा भाग, पण नजर असू द्या.

नकाशे केले लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, मुंबईला एकदाही पाय न लावता. परीक्षा घेणारं विद्यापीठ शिकवत नाही, बांधणारा माणूस बघत नाही. दोन्ही गोष्टी एकाच जातकुळीच्या. फोर्टात गेलात तर त्या बुरुजाकडे मान वर करून जरूर बघा. त्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या 24 जातीजमातींचे दगडी पुतळे आहेत. परीक्षेच्या मांडवात ज्यांना आणणं जमलं नाही, त्यातल्या कित्येकांना असं वर नेऊन बसवलं. त्यांना फी नाही, हजेरी नाही, आणि नापास होण्याची भीती तर अजिबात नाही.

बुरुजाचं काम 1869 ते 1878 चाललं. शेवटची दोन वर्षं दख्खनमध्ये दुष्काळाची होती. त्या दुष्काळात व्हाइसरॉयचे दूत म्हणून सर रिचर्ड टेंपल फिरत होते. बिहारच्या 1874 च्या दुष्काळात जास्त खर्च केला म्हणून त्यांनी वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती. या खेपेला त्यांनी चूक सुधारली आणि खडी फोडणाऱ्या माणसाची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. हेच टेंपलसाहेब 1877 साली मुंबईचे गव्हर्नर झाले, म्हणजे आपोआप विद्यापीठाचे कुलपती. रत्तलाचा हिशेब येणारा माणूस गुणांच्या हिशेबात कधी चुकत नाही. अहवालात मात्र दुष्काळ आणि बुरूज एका पानावर येऊ देऊ नका. छापखान्याला बजावून ठेवा.

एखादा फुले नावाचा गृहस्थ आडवा येईलच. 1882 साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी लेखी निवेदन दिलं: सारा भरतो शेतकरी, आणि त्या पैशावर कॉलेजात शिकतात वरच्या वर्गातली मुलं, आधी गावोगाव शाळा काढा. यावर उत्तर तयार ठेवा. म्हणा, विद्या वरून खाली झिरपते. वर ओतली की पायथ्याशी पोचेल. कधी पोचेल असं विचारलं तर घड्याळाकडे बोट दाखवा. निवेदन परिशिष्टात छापायला हरकत नाही. परिशिष्ट कोण वाचतं?

बायकांसाठी 1883 पर्यंत दार उघडू नका, आणि उघडलंत तरी कडी हाताशी ठेवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया सोराबजी विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या, तेही अशा गुणांनी की विलायतेची सरकारी स्कॉलरशिप हक्काने मिळावी. ती नाकारली, कारण त्या बाई होत्या. तुम्ही मात्र 'स्त्रीशिक्षणात स्पृहणीय प्रगती' हे वाक्य बिनदिक्कत लिहा. खोटं काय आहे त्यात? तिने केलीच होती प्रगती.

राहिलं पदवीदानाचं भाषण. एकदा लिहिलंत की जन्मभर पुरेल. तरुणांनो, नुसती सरकारी नोकरी धरू नका, असं नोकरीखेरीज दुसरी वाट न ठेवलेल्या तरुणांना सांगायचं. घोकंपट्टी वाईट, असं घोकूनच पास झालेल्यांना सांगायचं. शेवटी राजनिष्ठा. पगड्या डोलतील, झग्यांची सळसळ होईल, टाळ्या पडतील.

एवढं करूनही गडबड होते, हे लपवून ठेवणं बरं नव्हे. 1879 साली वासुदेव बळवंतांच्या बंडाने टेंपलसाहेबांची झोप उडाली. चित्पावनांवर नजर ठेवावी लागेल म्हणून त्यांनी व्हाइसरॉय लिटनला लिहिलं, आणि रानड्यांची बदली धुळ्याला झाली. पहिल्या पालखीचा पहिला भोई, तुमच्याच टाउन हॉलात झगा घातलेला, आणि त्याची टपालं फोडून बघायची वेळ! पुढे तर 1892 मध्ये काशिनाथ त्रिंबक तेलंग, म्हणजे याच खळ्यावर पाखडलेला दाणा, कुलगुरूच्या खुर्चीत बसला, आणि त्याच्यामागून भांडारकर. रानडे सेनेटात मराठीसाठी भांडत राहिले. ते गेले 16 जानेवारी 1901 ला, एम.ए.च्या परीक्षेत मराठीला पाट मिळाला तोही त्याच सुमारास. म्हणजे आमटी मागायची भाषा चाळीसेक वर्षांनी स्वयंपाकघरातून थेट एम.ए.ला. मधलं बी.ए. कुठे गेलं, असं विचारणारा निघेल. त्याला फेलो करा.

अहवाल इथे संपवायला हरकत नाही. खाली सही करा, शिक्का मारा, तारीख घाला. वेळ घालायची असेल तर खिडकीतून राजाबाईकडे नजर टाका. त्या घड्याळात सोळा धुनी भरलेल्या होत्या आणि दिवसातून चारदा त्या बदलत. 'रूल ब्रिटानिया' चालू असेल तर अहवाल लगेच पाठवा. 'होम, स्वीट होम' लागली असेल तर जरा थांबा, आणि बोटीचं तिकीट काढलंय का ते आधी बघून घ्या.