खोली निम्म्यात मिळते, सहल नाही

पावसाचे दिवस आले की मोबाइलवर एक संदेश हमखास फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘बेटावर, समुद्रकाठी जायचं तर पावसाळ्यातच जा. खोल्या निम्म्या दरात, गर्दी शून्य. पाऊस काय, दुपारी तासभर पडतो आणि जातो. बोटी बारा महिने चालतात. पाणी कोमट, पोहायला मजा. ढगांमुळे ऊन लागत नाही. खोली आधी ठरवू नका, तिथे जाऊन घासाघीस करा. स्कूटर भाड्याने घ्या, विम्यावर पैसे घालवू नका. एक मित्र सोबत न्या, खर्च आणखी निम्मा. आणि हो, छत्री विसरू नका.’

यंदा हा मला तीन जणांकडून आला. तिसरी होती माझी मैत्रीण, जिच्यासोबत मी अशा सहली करून आले आहे. मी तिला म्हटलं, “अगं, निदान तू तरी नको ना पाठवूस!” तिने हसणारा चेहरा पाठवला आणि विषय संपवला. मला मात्र तो संपवता येईना.

आधीच सांगते, पावसातल्या बेटाशी माझं वैर नाही. रिकामा किनारा, पत्र्यावर रात्रभर वाजणारा पाऊस, शिशाच्या रंगाचा समुद्र हे सगळं मला आवडतं आणि मी पुन्हा जाणार आहे. माझं भांडण आहे ते हिशोबाशी.

‘निम्म्या दरात’ हे खरं आहे, पण फक्त खोलीपुरतं. समजा, चार दिवसांच्या सहलीचा कोरड्या मोसमातला खर्च शंभर धरला. त्यात खोली तीस, विमान आणि बोट मिळून चाळीस, खाणं वीस, किरकोळ दहा. खोली निम्म्यात मिळाली म्हणजे वाचले पंधरा. बोटीचं तिकीट काही पाऊस बघून उतरत नाही आणि पोटाला मोसम कळत नाही. आता समुद्र खवळला आणि तुम्ही दोन दिवस बेटावर अडकलात, तर स्वस्तातली खोली अधिक जेवण धरून रोजचे जवळपास नऊ गेले, म्हणजे दोन दिवसांत साडेसतरा. सूट संपली, वर अडीच खिशातून गेले. चुकलेलं विमान आणि बुडालेली रजा मी यात धरलेलीच नाही. पावसाळी बेटावर सहलीचा खर्च खोलीवाला ठरवत नाही, बोट ठरवते. संदेश लिहिणाऱ्याने नेमकी तीच एक ओळ, ‘बोटी बारा महिने चालतात’, तोंडावर फेकून दिली आहे. तिच्याकडे येतेच.

त्याआधी तो ‘दुपारचा तासभर’. ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. उष्ण प्रदेशात जमीन सकाळभर तापते, ओलसर हवा वर चढते आणि दुपारनंतर सर कोसळते. मोठ्या भूभागाच्या आत हे चित्र बऱ्याचदा दिसतं. पण उघड्या समुद्रावर पावसाचा जोर बहुधा उत्तररात्री आणि पहाटे असतो, आणि छोटं बेट हे जमिनीपेक्षा समुद्राच्याच वेळापत्रकाने वागतं. शिवाय मोसमी पाऊस सरींच्या हिशोबात येत नाही. त्याला जोराचे दिवस असतात आणि उघडिपीचे दिवस असतात. कमी दाबाचा पट्टा डोक्यावर आला की तीन-तीन दिवस आकाश उघडत नाही. उघडीप पडली की आठवडाभर ऊन. तुमचे चार दिवस यातल्या कुठल्या आठवड्यात पडतील हे दोन महिने आधी कोणी सांगू शकत नाही.

म्हणून फोनवरच्या ढगाच्या चित्राकडे बघून हुरळू नका आणि घाबरूही नका. जगभराचा अंदाज देणारी मोठी हवामान मॉडेलं पृथ्वीचे साधारण नऊ ते तेरा किलोमीटरचे चौकोन करून गणित मांडतात. पाच किलोमीटर रुंदीचं बेट त्या एका चौकोनात हरवून जातं. मग अ‍ॅप दहाही दिवस विजेसकट ढग दाखवत राहतं. बघायचं असतं ते वाऱ्याचा वेग, दिशा आणि लाटांची उंची. हे आकडे मोकळ्या समुद्रावर पुष्कळ बरे जुळतात आणि बोट सुटणार की नाही ते त्यांच्यावरच ठरतं.

संदेशात सर्वांत मोठी गफलत आहे ती ‘पावसाळा’ या शब्दातच. कुठला पावसाळा? थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, फुकेत आणि क्राबीकडे, मे ते ऑक्टोबर पावसाचे. त्याच देशाच्या दुसऱ्या बाजूच्या आखातात असलेल्या को सामुईवर खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबरात. श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर लाटा उसळत असतात तेव्हा पूर्वेला त्रिंकोमालीचं पाणी शांत असतं. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे तिथे जून ते सप्टेंबर कोरडे आणि डिसेंबर-जानेवारी ओले. कॅरिबियनमध्ये वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर मानतात, पण दक्षिणेकडची अरुबा, बोनेअर, क्युरासाव ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या बाहेर आहेत.

आणि कधी कधी देशसुद्धा बदलावा लागत नाही, बेटाची बाजू बदलली तरी पुरतं. हवाईमधल्या कवाई बेटावर वायलेआले या डोंगरमाथ्यावर वर्षाला ९,००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पंचवीसेक किलोमीटरवर, आडोशाच्या पश्चिम किनाऱ्याला, तो जेमतेम ५०० मिलीमीटरच्या घरात येतो. वारा डोंगराला धडकतो, वर चढताना गार होतो, पाणी तिथेच टाकतो आणि पलीकडे कोरडा उतरतो. डोंगर असलेल्या कुठल्याही बेटावर हे कमी-अधिक लागू पडतं. खोली बघताना दर विचारण्याआधी नकाशा उघडून विचारावं की या दिवसांत वारा कुठून असतो आणि हा किनारा त्याच्या तोंडावर आहे की पाठीमागे. या एका प्रश्नाने माझी दुसरी सहल वाचली. पहिलीत तो विचारायचं सुचलं नव्हतं.

तर बोटी. ‘बारा महिने चालतात’ म्हणजे वेळापत्रकात बारा महिने छापलेल्या असतात. बोट पावसाने थांबत नाही, वारा आणि लाट तिला थांबवतात. त्यामुळे लख्ख ऊन पडलेलं असताना फेरी रद्द होऊ शकते आणि धो-धो पावसात बोट निवांत सुटू शकते. फिलिपिन्समध्ये वादळाचा इशारा लागला की तटरक्षक दल प्रवासी बोटी सोडू देत नाही. तिथल्याच बोराकाय बेटावर नैऋत्य वाऱ्याच्या महिन्यांत बोटींचे धक्केच बदलतात, नेहमीच्या बाजूऐवजी आडोशाच्या बाजूने ये-जा होते. आणि काही ठिकाणं तर सरळ कुलूपबंद. थायलंडची सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, तिथलाच माया बे हा किनारा ऑगस्ट-सप्टेंबर बंद. निम्म्या दरातली खोली घेऊन तुम्ही ज्या जागेसाठी गेलात तिथेच जाता येत नाही.

बोट सुटली म्हणजे धोका नाही, असंही नाही. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ ‘फिनिक्स’ नावाची पर्यटकांची बोट उलटून ४७ माणसं गेली. खराब हवेचा इशारा आधीच दिलेला होता. ‘बोटवाला नेतोय म्हणजे ठीकच असणार’ हे वाक्य मी त्यानंतर तोंडातून काढत नाही.

आमच्या पहिल्या सहलीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी सामान घेऊन धक्क्यावर उभ्या होतो. पाऊस नव्हता, ऊन होतं. मैत्रीण म्हणाली, “बघ, उगीच घाबरत होतीस.” बोटवाल्याने दोर सोडला, मग हातातच धरून ठेवला. तो आकाशाकडे बघतच नव्हता. खाडीच्या तोंडाशी जिथे लाट फुटते तिथे त्याची नजर होती. मिनिटभराने त्याने दोर पुन्हा खुंट्याला गुंडाळला, वर एक जास्तीचा वेढा दिला आणि आमच्याशी एक शब्द न बोलता निघून गेला. तो जास्तीचा वेढा बघून आम्हाला कळलं की आज नाही आणि बहुतेक उद्याही नाही. विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं. बेटावरचं एकुलतं एक एटीएम वीज गेल्याने बंद होतं.

तेव्हापासून आमचा नियम साधा आहे. परतीच्या विमानाआधीची रात्र बेटावर काढायची नाही, मुख्य भूमीवर काढायची. लाटा फार असतील तर दोन रात्री. हा खर्च पहिल्याच दिवशी हिशोबात लिहायचा. मग सहल निम्म्यात होत नाही, पण जेवढ्यात ठरली तेवढ्यात होते. आणि दोन दिवसांचे सुटे पैसे प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे.

‘पाणी कोमट, पोहायला मजा.’ कोमट खरंच असतं. पण खवळलेल्या दिवसांत किनाऱ्यावर आपटलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेने जोरात परत समुद्रात जातं, त्याला रिप करंट म्हणतात. तो सेकंदाला दोन मीटरच्याही वर जाऊ शकतो, पट्टीच्या पोहणाऱ्याला त्याच्या विरुद्ध पोहता येत नाही. फसवणूक अशी की जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी गुळगुळीत आणि जरा गडद दिसतं, तीच बहुतेकदा त्याची वाट असते. नवखा माणूस नेमका तिथेच ‘शांत आहे’ म्हणून उतरतो. हा प्रवाह खाली खेचत नाही, बाहेर नेतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, जमलं तर किनाऱ्याला समांतर सरका. संदेशातल्या ‘गर्दी शून्य’चा इथे दुसरा अर्थ निघतो. गर्दी नाही म्हणजे बऱ्याच किनाऱ्यांवर जीवरक्षकही नाही. तुमचा वर केलेला हात बघायला फक्त मैत्रीण आहे, आणि ती मोबाइलमध्ये आहे. आम्ही पाण्यात एकीने आणि काठावर एकीने, असं आळीपाळीने जातो.

मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस नदी-नाल्याच्या मुखाजवळ उतरूच नये. गावाची सगळी घाण तिथूनच येते. बालीच्या कुटा किनाऱ्यावर डिसेंबर ते फेब्रुवारीत लाटांसोबत येणारे प्लास्टिकचे ढीग फोटोत बघितले असतीलच.

ऊन लागत नाही? पातळ ढगांतून अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत खाली येतात. ढगाळ दिवशीच माझी मान सोलून निघाली होती. पुढे.

घासाघिशीचा सल्ला मला अर्धा पटतो. मोसम नसताना दर खरंच खाली येतात आणि समोरासमोर जास्त येतात. पण पुष्कळ घरं त्या दिवसांत बंदच असतात, आणि अंधारात, भिजलेल्या पिशव्या घेऊन घासाघीस कोणी जिंकलेली मी पाहिलेली नाही. पहिली रात्र आधी ठरवावी, रद्द करता येईल अशी. बाकीच्या तिथे बघाव्या. बघताना गादीला हात लावून वास घ्यावा, छताचे कोपरे बघावेत, वीज गेली तर काय ते विचारावं.

स्कूटर आणि विमा हे दोन सल्ले एकाच वाक्यात आलेत आणि एकमेकांच्या जिवावर उठलेत. ओल्या रस्त्यावर वाळू असली की चाक सरकतं, आणि त्या रस्त्याची सवय नसलेला पाहुणाच बहुधा सरकतो. बहुतेक प्रवास विमे दुचाकीचा योग्य परवाना नसेल तर अपघाताचे पैसे देत नाहीत. चारचाकीचा परवाना खिशात असून उपयोग नाही. आणि विमा घ्यायचा तो तिकिटासोबत. वादळाला नाव पडल्यावर घेतलेला विमा सहसा त्या वादळाला लागू होत नाही.

मित्र सोबत असला की खर्च निम्मा होतो तो खोलीचा आणि टॅक्सीचा. बोटीला दोन तिकिटंच लागतात. पण याहून मोठी गोष्ट संदेशात नाहीच. चार भिंती, एक प्लग, दोन मोबाइल आणि तिसऱ्या दिवशीही न वाळलेला एकच मोठा टॉवेल, यात मैत्री कशी टिकते ते. आमचं भांडण टॉवेलवरून झालं, मुद्दा मात्र दुसराच होता. तिला मिळेल त्या बोटीने निघायचं होतं, मला नाही. आता निघण्यापूर्वीच ठरलेलं असतं: दोघींपैकी एकीला जरी बोट नको वाटली तरी दोघी थांबतात, आणि थांबण्याचा खर्च दोघींचा. जिने ‘नको’ म्हटलं तिला नंतर टोमणे मारायचे नाहीत. हे शेवटचं कलम अजून पूर्ण पाळलं जात नाही.

राहिली छत्री. समुद्रावरच्या वाऱ्यात ती पहिल्या वळणापर्यंत टिकते. मग उलटी होते आणि दिवसभर तिच्या काड्या सांभाळत फिरावं लागतं. रेनकोट न्या, तोंड गुंडाळून बंद होणारी पाणबंद पिशवी न्या, कपडे वाळत घालायला दहा हात दोरी न्या. आणि टॉवेल दोन.