एवढी कसली घाई?

दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या उपासनेला, तेच बघते आणि दर रविवारी जीव तळमळतो. दारातल्या पवित्र पाण्यात लोक बोट बुडवतात न बुडवतात, छातीसमोर हात कसाबसा हलवतात आणि बाकाकडे पळतात. ही क्रुसाची खूण? कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. दोन श्वासांचं काम आहे, बावा!

त्या पाण्याने आपला बाप्तिस्मा आठवायचा असतो. २०२० मध्ये कोरोनामुळे भांडी कोरडी पडली. ती पुन्हा भरली, पण कितीतरी हात परत तिकडे वळलेच नाहीत. बाकात शिरण्याआधी उजवा गुडघा टेकणंही तसंच. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी नुसतं वाकावं, माझं काही म्हणणं नाही. पण धडधाकट पोरं मोबाइल बघत सरळ बाकात शिरतात, तेव्हा संताप होतो. समोर मंजूषेत, त्या पवित्र पेटीत, ख्रिस्तशरीर झालेली भाकर आहे ना?

नागपूरच्या सदरमधून रिक्षाने जाताना कॅथेड्रल, आमचं मुख्य चर्च, दिसलं की माझी आजी हातातली पिशवी मांडीवर ठेवायची, पदर सावरायची आणि मग सावकाश खूण करायची. तिने कधी काही समजावून सांगितलं नाही. मी फक्त तिचा हात बघत होते. आजच्या लेकरांनी कोणाचा हात बघायचा?